आत्या कार्डात बसत नाही

(मंगरूळपीरला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून दिलं आहे.)



मी मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत, पण आज कविता म्हणणार नाही. आज एका कार्डाविषयी बोलायचंय.

माझे मोठे बाबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झाले. याच तालुक्यातलं आमचं गाव. फौजीचं घर म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. महिन्याची पेन्शन खात्यात पडते आणि बँकेचा मेसेज येण्याआधी भाऊबंद दारात येतात. कुणाला सोयाबीनच्या बियाण्याला पायजे, कुणाला पोराच्या फीला. कॅन्टीनचं तर विचारूच नका. पाहुणे लग्नाची पत्रिका पुढं ठेवतात आणि हळूच म्हणतात, "फौजीबाबा, दोन बाटल्यांचं जमते काय?" कॅन्टीनचा माल स्वतःच्या घरापुरता असतो, बाहेर विकला तर कार्ड जातं, हे त्यांना माहीत असतं. तरी विचारतात. मोठे बाबा हसतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. ही झाली गंमत. मला बोलायचंय ते गमतीचं नाही.

मोठ्या बाबांना शाळेत घातलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं. माझ्या आत्यानं. नवरा मेल्यावर ती माहेरी आली. आईबाप आधीच गेलेले. दुसऱ्याच्या वावरात निंदण करून, कापूस वेचून तिनं भावाला दहावीपर्यंत नेलं. भाऊ सरहद्दीवर असताना भावजयीची दोन बाळंतपणं तिनं काढली. आजही ती त्याच घरात, त्याच चुलीवर. दोन वर्षांपूर्वी आंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या बाबांनी आपलं दवाखान्याचं कार्ड खिशात घातलं, तिला जीपमध्ये आडवी टाकली आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेशंट कोण लागते तुमची?"

"बहीण."

"बहीण बसत नाही."

बाहेर एकजण भेटला, असे लोक दवाखान्याबाहेर असतातच. म्हणाला, बायकोच्या कार्डावर करून टाका, दोघींचं वय सारखंच, फोटो कोण निरखून पाहते? मोठे बाबा त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बहिणीले बायको लिहू काय रे?" आणि बँकेत जाऊन पेन्शनवर कर्ज काढलं. ते अजून फिटतंय.

मी राग घेऊन मुंबईला गेलो आणि गोदीत जेवणाच्या सुट्टीत नियम वाचत बसलो. माजी सैनिकांची ही दवाखान्याची योजना, ईसीएचएस, १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. तिच्या लेखी कुटुंब म्हणजे बायको किंवा नवरा, पंचवीस वर्षांच्या आतला बेकार मुलगा, बिनलग्नाची बेकार मुलगी, अपंग मूल असेल तर जन्मभर, आणि आईबाप, त्यांचं उत्पन्न महागाई भत्ता सोडून महिन्याला ९००० रुपयांच्या आत असेल तर. संपलं. भाऊ नाही, बहीण नाही, भाचा नाही, पुतण्या नाही.

आता पुढची मजा बघा. केंद्र सरकारच्या सिव्हिल नोकरांची वेगळी योजना आहे, सीजीएचएस. तिच्यात त्याच्यावर अवलंबून असलेली विधवा बहीण बसते. टाकलेली बहीण बसते, घटस्फोटित बसते, अज्ञान भाऊसुद्धा बसतो. म्हणजे दिल्लीच्या कचेरीतल्या कारकुनाची विधवा बहीण कुटुंब आहे आणि बर्फात बंदूक घेऊन उभा राहिलेल्या हवालदाराची विधवा बहीण परकी आहे. हाड तेच. सरकार तेच. मग देशाच्या तिजोरीवर भार पडेल, असं आम्हाला कोण शिकवतो?

आपण आपल्या बापाच्या घराकडं बघू. रामजी सुभेदारांची पेन्शन महिना ५० रुपये. भीमाबाई गेल्या तेव्हा बाबासाहेब लहान. पोरांना सांभाळलं कुणी? रामजींच्या बहिणीनं, मीराबाईनं. पाठीला कुबड होतं तिच्या. पुढं रामजी गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते, तेव्हा साताऱ्याच्या घरात भीमराव, त्यांचा भाऊ, मेलेल्या थोरल्या बहिणीची दोन पोरं आणि ही आत्या. मुंबईला आल्यावर भीमरावांना पुस्तक पाहिजे असलं की रामजी लग्न झालेल्या मुलीकडं जायचे, तिचा दागिना मागून गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. एका सुभेदाराची पेन्शन अशी चार घरांतून फिरायची. हे घर आज खिडकीवर घेऊन जा. मीराआत्या बसत नाही. दोन्ही भाचे बसत नाहीत.

म्हणून काही पोरं म्हणतात, मग पेन्शनच भाऊबंदांत वाटून टाका, मृत्युपत्र करा, पुतण्याच्या नावानं लिहा. थांबा. इथं मी तुमच्याशी भांडणार आहे.

हातात पडलेली पेन्शन तुमची. ती बहिणीला द्या, भाच्याला द्या, जाळा. कुणी विचारत नाही. पण पुढं येणारी पेन्शन लिहून देता येत नाही आणि सावकाराला जप्तही करता येत नाही, असं १८७१ चा पेन्शनचा कायदा सांगतो. इंग्रज होता, पण सावकार ओळखून होता. आणि माणूस मेल्यावरची फॅमिली पेन्शन तर त्याची इस्टेटच नव्हे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात व्हायलेट इसाक यांचं प्रकरण गेलं. रेल्वेतला माणूस, त्यानं मृत्युपत्र भावाच्या नावानं केलेलं. कोर्ट म्हणालं, फॅमिली पेन्शन मृत्युपत्रानं देता येत नाही, ती बायकोची. मी म्हणतो, बरोबर म्हणालं. कारण आपल्या गावात भाऊबंदकीच्या नावानं विधवेच्या ताटातली भाकर कोण ओढतो ते आपल्याला माहीत आहे. तिचा अंगठा घेतला जातो, पासबुक दिराच्या पेटीत जातं.

आणि सरकारला मोठं कुटुंब कळत नाही असं समजू नका. एका ठिकाणी त्याला चांगलं कळत होतं. शौर्यपदक मिळालेला जवान मेला, त्याच्या विधवेनं दुसरं लग्न केलं, तर पदकाचा भत्ता बंद. पण लग्न दिराशी केलं तर चालू! सोळा नोव्हेंबर २०१७ ला ही अट निघाली. दोन हजार सतरा, मित्रांनो. तोपर्यंत सरकारी कागदावर बाई घराण्याच्या गोठ्यात बांधलेली होती. बहीण कार्डात बसत नाही, पण दीर नियमात बसतो. २०२४ साली एका शहीद कॅप्टनच्या आईबापांनी वारसाचे नियम बदलायची मागणी केली. म्हाताऱ्या आईबापांचं दुःख खरं आहे, मी त्यांना हसणार नाही. पण त्या तरुण विधवेवर लोकांनी जी घाण फेकली ती वाचून मला गोदीच्या पाण्याचा वास बरा वाटला.

तेव्हा आपली मागणी नीट धरा. बायकोच्या वाट्याला हात लावायचा नाही. आईबापांचा वाटा कमी करायचा नाही. एका ताटाचे दहा तुकडे करा असं आपण म्हणत नाही. आपण म्हणतो, दवाखान्याच्या कार्डावर त्या घरात खरोखर अवलंबून राहणारी बहीण, पोरका भाऊ, पोरका भाचा घ्या. बहिणीचा आणि भावाचा नियम शेजारच्या योजनेत लिहिलेला आहे, नवीन कायदा शोधायला नको, तो इकडं उचलून लावा. भाच्यासाठी मात्र भांडावं लागेल.

आणखी एक, आणि हे तुम्हा विशीतल्या पोरांसाठी. इंग्रजांनी १८९० नंतर महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला त्याविरुद्ध अर्ज लिहिला. भरती बंद म्हणजे नुसती बंदूक गेली नव्हती. पलटणीची शाळा गेली, पेन्शन गेली, सुभेदाराच्या घरात पुस्तक येण्याची वाट गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडला, बेळगावला. आता २०२२ पासून अग्निपथ आहे. चार वर्षं नोकरी, चारांतला फार तर एक ठेवणार, बाकीच्यांना व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजार, त्यातही निम्मं त्याच्याच पगारातून कापलेलं. पेन्शन नाही. ईसीएचएस नाही. कॅन्टीन नाही. माजी सैनिक म्हणायचंसुद्धा नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनमध्ये गेला. पोरगा आपल्यासारख्याच घरातला. मोठ्या बाबांच्या पेन्शनवर निदान कर्ज तरी निघालं. उद्याचा हवालदार कशावर काढणार? त्याच्या घरी आत्या तर असणारच.

मोठ्या बाबांना मी विचारलं होतं, अर्ज करू का? म्हणाले, "कर ना बाप्पू. पण तिच्यापुरता नोको करू." आत्या काठी टेकत चालते. तिला वाटतं चूक तिचीच, ओल्या आंगणात गेली म्हणून.

आता कामाचं. ज्यांच्या घरी माजी सैनिक आहे त्यांनी उठून जाऊ नका. पीपीओची झेरॉक्स आणली असेल तर काढा. आईबापांची, पोरांची नावं रेकॉर्डला चढली आहेत का ते बघायचंय, माणूस जिवंत आहे तोवर हे सोपं असतं, मेल्यावर बायकोला ऑफिसं हिंडावी लागतात. जन्मतारखा जुळतात का, आधारवर आणि पार्ट टू ऑर्डरवर बायकोचं नाव एकच आहे का, ते बघू. आणि ज्यांच्या घरात अशी बहीण आहे त्यांनी तिचं नाव, वय, किती वर्षं एका चुलीवर आहे, एवढं या वहीत लिहून द्या. वही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यायची आहे, एक प्रत दिल्लीला. माझी परवा पाळी आहे, उद्या रात्रीच्या गाडीनं निघायचंय. पहिलं नाव मी लिहिलं आहे. पेन तिकडं पाठवतो.