चँडलर पकडला जातो तो भाग

आज ज्या एपिसोडबद्दल बोलणार आहे तो तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी स्किप केला असणार. मी तीन वेळा केलाय.

'फ्रेंड्स', दहावा सीझन, दहावा भाग. 'द वन व्हेअर चँडलर गेट्स कॉट'. अमेरिकेत एनबीसीवर हा १५ जानेवारी २००४ ला लागला, आणि मालिका संपली ६ मे ला. म्हणजे शेवट अगदी जवळ आलेला. आणि हा क्लिप शो आहे. थोडंसं नवं शूटिंग, मधे मधे जुन्या भागांतले तुकडे. फ्रेंड्सवाल्यांनी हे बऱ्याचदा केलंय. चौथ्या सीझनमध्ये लग्नपत्रिकेचा भाग, आठव्यात जोईची मुलाखत, नवव्यात चँडलर ख्रिसमसला टल्सात अडकतो तो. वर्षाला चोवीसेक भाग काढायचे म्हणजे कुठेतरी दम लागणारच. जुना कोड कॉपी-पेस्ट करून नवं व्हर्जन रिलीज केल्यासारखं. (आपण करतोच की. साळसूदपणा नको.) आणि तेव्हा लोकांनाही ते चालायचं, कारण हवा तो सीन हवा तेव्हा खिशातून काढून बघायची सोय नव्हती. आता रील्सवर आपण दिवसभर क्लिप शोच बघतो, मग बावीस मिनिटांचा वेगळा कशाला बघायचा? म्हणून स्किप.

पण या भागाची गोष्ट जरा नीट ऐका. फीबी आणि रेचलला दिसतं की चँडलर एका अनोळखी बाईच्या गाडीत बसून चाललाय. दोघी पाठलाग करतात, तर तो तिच्यासोबत शहराबाहेरच्या एका घरात शिरतो. झालं! लफडं! जोईला सांगतात, मग जड मनाने मोनिकाला. मोनिका शांत. कारण ती बाई घर दाखवणारी एजंट असते. बाळ दत्तक घ्यायचंय, म्हणून या दोघांना न्यूयॉर्क सोडून वेस्टचेस्टरला घर घ्यायचंय. हेच लपवलेलं असतं.

आणि इथे जुने तुकडे सुरू होतात. एरवी क्लिप शोमध्ये कुणीतरी "आठवतंय का रे" म्हणतं आणि सीन लागतो. इथे आठवणी वापरल्या जातात त्या अडवायला. इथे एवढं सगळं झालं, ते सोडून तुम्ही जाणार कसे, असं. मला वाटतं म्हणूनच हा भाग बाकीच्या क्लिप शोंपेक्षा वेगळा आहे. आठवणींनी भांडतात, आणि हरतात. घर मिळतं. ते दोघं जाणारच असतात.

हे मला कळलं गेल्या वर्षी, कारण माझ्याकडे अगदी असाच फोन आला. बँकेतून. "सर, होम लोनसाठी तुमचं नाव रेफरन्स म्हणून दिलंय. तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?" मी म्हटलं, चार. फोन ठेवला आणि मग ट्यूब पेटली. ज्याच्याबद्दल विचारत होते तो माझा रूममेट, शेजारच्या खोलीत कपडे वाळत घालत होता. पुनावळ्याला फ्लॅट बुक केला होता गड्याने. लग्न ठरत होतं हे माहीत होतं. फ्लॅटचं बोलला नव्हता. का नाही सांगितलं विचारलं तर म्हणे, "तू तोंड पाडशील म्हणून." पाडलंच मी. दोन आठवडे नीट बोललो नाही. त्याच्या आनंदात मला फक्त भाड्यातला माझा वाढलेला हिस्सा दिसत होता, आणि तेही मी भाड्यावरच खापर फोडत होतो म्हणून.

मग त्याच्या केळवणाला सगळ्यांनी ठरवलं, व्हिडिओ करायचा. काम अर्थात माझ्याकडे. चार वर्षांची गॅलरी उपसली. वाढदिवस, राजगड, मिसळ, परत मिसळ, कुणाचातरी अंगठा. आणि कळलं की जे खरं दाखवायचंय त्याची क्लिपच नाही. २०२२ मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा माझे हात थरथरत होते, म्हणून माझी गाडी त्याने रातोरात सांगलीपर्यंत चालवली. पूर्ण रस्ता तो एका फालतू क्लायंटबद्दल बोलत राहिला, मुद्दाम. तेव्हा कॅमेरा कोण काढणार? सिटकॉमचं बरं असतं. कॅमेरा कायम चालू, प्रत्येक भांडण, प्रत्येक मिठी रेकॉर्डवर.

पण एक गोष्ट सांगतो. चँडलर करणारा मॅथ्यू पेरी, तो २०१६ मध्ये बीबीसी रेडिओ २ वर म्हणाला होता की मधली तीनेक वर्षं, तिसऱ्या ते सहाव्या सीझनमधली, त्याला आठवतच नाहीत. व्यसनाचा काळ होता तो. चौथ्याच्या शेवटी लंडन, सहाव्याच्या शेवटी लग्नाची मागणी, हे सगळं त्याच टप्प्यातलं. आपल्याला पाठ आहे. त्याच्या डोक्यात त्यातलं किती उरलं होतं, कोण जाणे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो गेला, तेव्हा फीड त्याच्याच क्लिप्सनी भरलं होतं. म्हणजे रेकॉर्ड आहे, पण ज्याचं आहे त्यालाच आठवत नाही. आणि माझ्याकडे आठवण आहे, रेकॉर्ड नाही.

शेवटी जुने एसएमएस चाळले. फास्टॅगचा मेसेज सापडला. तासवडे टोलनाका, रात्री २ वाजून ४१ मिनिटं, पैसे कापले. त्याचा स्क्रीनशॉट व्हिडिओत टाकला. पाच सेकंद, म्युझिक बंद करून.

केळवणात कुणालाच कळलं नाही, हे काय आहे. एक काकू म्हणाल्या, चुकून आलं वाटतं. तो मात्र बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कराडला पेट्रोल मी भरलं होतं. ते पैसे दिलेच नाहीस तू अजून."