मनाची किल्ली कोणाच्या हाती?



राजकीय कार्यकर्त्यांपुढील व्याख्यानात एका परदेशी थरारपटाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही. चित्रपट म्हणजे करमणूक. त्यातही तो वैज्ञानिक कल्पितांचा आणि रक्तपाताने माखलेला. त्याने लोकशिक्षण ते काय होणार? परंतु समाजाच्या मनात दडून बसलेल्या भीतीला पुष्कळदा प्रथम वाचा फुटते ती अशा स्वस्त आणि दुर्लक्षित कलाकृतींतूनच. कॅनडाचे दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा १९८१ साली प्रदर्शित झालेला ‘स्कॅनर्स’ हा असाच एक चित्रपट होय. दुसऱ्याचे मन वाचू शकणाऱ्या माणसांची ती कथा आहे. मन वाचण्याची ही शक्ती कोणी निर्माण केली, कोणाच्या शरीरावर प्रयोग करून केली, आणि ती वापरण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हे प्रश्न ती कथा उभे करते. चार दशकांनंतर हे प्रश्न चित्रपटगृहातून बाहेर पडून पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि कारखान्यात येऊन पोहोचले आहेत.

या चित्रपटाचा जन्मही उद्बोधक आहे. देशी चित्रपटात गुंतविलेली संपूर्ण रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत कॅनडाच्या सरकारने १९७४ च्या सुमारास दिली. हॉलिवुडच्या छायेत खुरटलेल्या राष्ट्रीय चित्रपटव्यवसायाला आधार द्यावा, हा हेतू स्तुत्य होता. व्यवहारात मात्र डॉक्टर, दंतवैद्य, वकील अशा सधन मंडळींना कर वाचविण्याचे एक नवे साधन सापडले. वर्ष संपण्यापूर्वी पैसा खर्ची पडला पाहिजे, मग पटकथा तयार असो वा नसो! ‘स्कॅनर्स’चे चित्रीकरण १९७९ च्या अखेरीस माँट्रियल शहरात सुरू झाले तेव्हा पटकथा पूर्ण झालेली नव्हती, दिग्दर्शक सकाळी प्रसंग लिहीत आणि दिवसा तो चित्रित करीत. एकूण खर्च सुमारे ४० लाख कॅनेडियन डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या मानाने फारच थोडा. या घाईच्या खुणा चित्रपटावर स्पष्ट आहेत. नायक अवघडलेला वाटतो आणि कथेचे काही धागे लोंबकळत राहतात. ज्या मस्तकस्फोटाच्या दृश्यामुळे चित्रपट गाजला, ते दृश्यही कृत्रिम मस्तकावर मागून बंदूक झाडून साधलेले आहे. तरीही हा चित्रपट विसरला गेला नाही. याचे कारण त्या स्फोटात नाही, कथेच्या गाभ्यात आहे.

कथा थोडक्यात अशी. कॅमेरॉन व्हेल नावाचा एक बेघर तरुण बाजारसंकुलातील उपाहारगृहात लोकांचे उष्टे खाऊन गुजराण करीत असतो. शेजारच्या टेबलावरील एका स्त्रीच्या मनातील तिरस्कार त्याला शब्दशः ऐकू येतो आणि त्या ताणात त्या स्त्रीला झटके येऊ लागतात. त्याला पकडून ‘कॉनसेक’ नावाच्या खासगी कंपनीकडे नेले जाते. शस्त्रे आणि सुरक्षा हा या कंपनीचा धंदा. अशा मनोवेधी माणसांना ती ‘स्कॅनर’ म्हणते आणि हेरगिरीचे हत्यार म्हणून त्यांचा विकास करू पाहते. कंपनीचे शास्त्रज्ञ डॉ. पॉल रूथ व्हेलला शिकवून तयार करतात आणि डॅरिल रेव्हॉक या बंडखोर स्कॅनरच्या मागावर सोडतात. शेवटी उलगडा होतो तो असा : ही शक्ती ईश्वरदत्त नाही, की उत्क्रांतीची देणगीही नाही. ‘एफेमेरॉल’ नावाचे एक शामक औषध गर्भवती स्त्रियांना देण्यात आले. त्याचा परिणाम गर्भावर झाला आणि ही मुले जन्मली. ते औषध बनविणारे स्वतः डॉ. रूथच, आणि व्हेल व रेव्हॉक हे दोघेही त्यांचेच पुत्र! त्याहून भेदक गोष्ट म्हणजे, या शक्तीचा त्रास शमविण्यासाठी स्कॅनरांना जे टोचले जाते तेही एफेमेरॉलच. म्हणजे रोगाचा उगमही कंपनीच्या कुपीत आणि उताराही त्याच कुपीत. बाजाराच्या दृष्टीने याहून आदर्श ग्राहक कोणता?

हे निव्वळ कल्पित म्हणून सोडून देता येत नाही. थॅलिडोमाइड हे शामक औषध पश्चिम जर्मनीत १९५७ साली बाजारात आले. ते निर्धोक आहे अशी ग्वाही देत गर्भवती स्त्रियांनाही ते दिले गेले, आणि जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. जर्मनीत ते नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेण्यात आले. कॅनडात मात्र त्याची विक्री थांबण्यास मार्च १९६२ उजाडला. ते महिने ज्या मातांनी भोगले त्यांच्याच देशात एका दिग्दर्शकाला एफेमेरॉलची कल्पना सुचावी, हे सहज समजण्यासारखे आहे.

माँट्रियल शहराचा आणखी एक इतिहास आहे. चित्रपटात त्याचा उल्लेख नाही. परंतु ज्या शहरात हे चित्रीकरण झाले तेथेच मॅकगिल विद्यापीठाशी संलग्न असलेली ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूट आहे. तेथील संचालक डॉ. इवेन कॅमेरॉन यांनी १९५० च्या आणि १९६० च्या दशकांत मनोरुग्णांवर भयंकर प्रयोग केले. चिंता किंवा बाळंतपणानंतरचे नैराश्य अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांना औषधांनी आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवणे, वारंवार तीव्र विद्युतझटके देणे, ध्वनिफितीवरील एकच वाक्य हजारो वेळा ऐकविणे, असे त्यांचे स्वरूप होते. जुने मन पुसून त्याजागी नवे मन लिहावयाचे, ही कल्पना. १९५७ पासून काही वर्षे या कामाला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेचा पैसा ‘एमके-अल्ट्रा’ प्रकल्पातून मिळत होता आणि कॅनडाच्या सरकारचाही मिळत होता. रुग्णांची संमती कोणी विचारली नाही. सीआयएने १९७३ मध्ये प्रकल्पाची बहुतेक कागदपत्रे नष्ट केली. वाचलेल्या हिशेबाच्या कागदांमुळे १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटपुढे हा प्रकार उघड झाला. १९८८ मध्ये सीआयएने नऊ फिर्यादींना मिळून साडेसात लाख डॉलर दिले. १९९२ मध्ये कॅनडाच्या सरकारने ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर देऊ केले. भरपाई मिळाली, परंतु ज्यांची स्मृती पुसली गेली त्यांना ती परत कोण देणार?

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. टेलिपथी, म्हणजे ज्याला पातंजल योगसूत्रांत परचित्तज्ञान म्हटले आहे ती सिद्धी, कोणत्याही काटेकोर परीक्षेत आजवर सिद्ध झालेली नाही. अमेरिकेने अतींद्रिय हेरगिरीवर दोन दशके सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले; १९९५ मध्ये केलेल्या मूल्यमापनात त्यातून हेरगिरीस उपयोगी पडेल असे काहीही हाती लागले नसल्याचा निष्कर्ष निघाला आणि तो कार्यक्रम गुंडाळण्यात आला. महाराष्ट्रातील विवेकवादी चळवळीने मनातले ओळखणाऱ्या बुवांना भर सभेत आव्हान देऊन उघडे पाडले आहे. परंतु बुवाला आव्हान देणे सोपे असते. पांढरा डगला घातलेला तज्ज्ञ, त्याच्यासमोरील यंत्र आणि यंत्रातून निघणारा आलेख यांना आव्हान देणे त्याहून कितीतरी अवघड. मन वाचले गेले आहे असे न्यायाधीशाला वा मालकाला वाटले की पुरे. ते खरोखर वाचले गेले की नाही, याने आरोपीच्या किंवा कामगाराच्या नशिबात काहीच फरक पडत नाही.

याचा अनुभव या देशाने घेतला आहे. सोडियम पेंटोथॉल टोचून अर्धवट शुद्धीतील माणसाला बोलते करण्याची नार्को चाचणी २००० नंतरच्या दशकात तपासाचे आवडते साधन बनली. मुद्रांक घोटाळ्यातील प्रमुख आरोपीच्या अशा चाचणीचे चित्रण तर दूरचित्रवाणीवरून घरोघरी दाखविले गेले. त्यापुढची पायरी म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींची चाचणी. संशयिताच्या डोक्यावर तारा असलेली टोपी चढवावयाची आणि गुन्ह्यासंबंधीची वाक्ये त्याला ऐकवावयाची. त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही तरी, ते कृत्य त्याने स्वतः अनुभवले आहे की नाही हे यंत्र सांगते, असा दावा होता. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली, तेव्हा या चाचणीचा निष्कर्ष पुराव्यांत धरला. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी ही पद्धत अशास्त्रीय ठरविली होती. त्या तरुणीने चाचणीला संमती दिली होती, हे खरे. परंतु खुनाचा आरोप डोक्यावर असताना, नकार म्हणजे कबुलीच मानली जाण्याच्या भीतीत दिलेली संमती ही कितपत संमती?

५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी सक्तीने करणे हे संविधानाच्या २० (३) आणि २१ या अनुच्छेदांचे उल्लंघन आहे, असा तो निर्णय. कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि मौन पाळण्याचा हक्क जिभेपुरता मर्यादित नसून मेंदूपर्यंत पोहोचतो, हे त्यातून प्रस्थापित झाले. तरीही आरोपींवर अशा चाचण्यांचा प्रस्ताव पुढे येतच राहिला आणि बिहारमधील एका प्रकरणात जून २०२५ मध्ये न्यायालयाला हेच तत्त्व पुन्हा बजावून सांगावे लागले. कायद्याच्या पुस्तकात मिळालेला हक्क ठाण्याच्या कोठडीत आपोआप पोहोचत नाही, हा कार्यकर्त्यांचा नित्याचा अनुभव येथेही खरा ठरतो.

आता विज्ञानही पुढे सरकले आहे. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी, माणूस गोष्ट ऐकत असताना त्याच्या मेंदूच्या प्रतिमांवरून त्या गोष्टीचा आशय स्थूलपणे शब्दांत उतरवून दाखविला. त्यासाठी त्या व्यक्तीला सुमारे १६ तास यंत्रात पडून राहावे लागले. आणि तिने मनात मुद्दाम दुसरा विचार आणला की यंत्र फसे. त्याच वर्षी पक्षाघाताने वाचा गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतील संकेतांचे शब्दांत रूपांतर करण्यात कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांना यश मिळाले. बोलू न शकणाऱ्याला वाणी देणाऱ्या या संशोधनाचे स्वागतच केले पाहिजे. यंत्राचा द्वेष हे समाजवाद्याचे काम नव्हे.

परंतु तेच तंत्र मालकाच्या हाती गेले म्हणजे काय होते, याचीही चिन्हे दिसू लागली आहेत. चीनच्या झेजियांग प्रांतात कामगारांच्या टोप्यांत मेंदूलहरी टिपणारी उपकरणे बसवून त्यांचा थकवा आणि क्षोभ मोजला जात असल्याचे वृत्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कारखानदाराने आजवर कामगाराचे हात आणि तास विकत घेतले. दिवसभराच्या कष्टानंतर मुकादमाला मनातल्या मनात शिवी देण्याचे स्वातंत्र्य तरी त्याच्याजवळ शिल्लक होते. ही टोपी त्या शेवटच्या कोपऱ्यावर हक्क सांगू पाहते. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून बहुतेक खासगी मालकांना कामगारांची पॉलिग्राफ चाचणी घेण्यास मनाई केली. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या व्यापारांना व त्यांतून मिळणाऱ्या माहितीला थेट संविधानात संरक्षण दिले, आणि २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूची माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला. अशी तरतूद होऊ शकते याचे हे दाखले आहेत.

गुन्हेगार मोकळे सुटू नयेत, स्फोट होण्यापूर्वीच कट उघडकीस यावेत, असे सामान्य माणसाला वाटते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु मन उघडण्याची ही यंत्रे प्रथम कोणाच्या डोक्यावर चढतात ते पाहावे. ॲलन इन्स्टिट्यूटमध्ये ते असहाय रुग्ण होते, ठाण्यात ते वकील न परवडणारे संशयित असतात, आणि कारखान्यात ते नोकरी गमावण्याच्या भीतीने मान तुकविणारे कामगार असतात. मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळाने ही टोपी घालून भागधारकांपुढे बसावे, असे मात्र अद्याप कोणी सुचविलेले नाही!

‘स्कॅनर्स’मध्ये बेंजामिन पिअर्स नावाचा एक शिल्पकार आहे. इतरांच्या विचारांच्या गोंगाटाने तो वेडावून गेलेला आहे. एका प्रचंड पोकळ शिल्पमस्तकाच्या आत जाऊन बसतो तेव्हाच त्याला निवांतपणा लाभतो. स्वतःच्या मनात एकटे राहता यावे म्हणून माणसाला दुसरे डोके बांधून घ्यावे लागावे, हे त्या चित्रपटातील सर्वांत करुण चित्र आहे. बंडखोर रेव्हॉककडेही त्याचा उपाय नाही. कंपनीचा सूड घेण्यासाठी तो तेच औषध नव्या गर्भवती स्त्रियांपर्यंत पोहोचवितो आणि आपली सेना उभारू पाहतो. मालक बदलतो, स्त्रीच्या संमतीशिवाय तिच्या उदरावर होणारा व्यवहार मात्र तसाच राहतो. बंडखोरांनीही लक्षात ठेवावा असा हा धडा आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. वकिलाच्या उपस्थितीत, मुक्तपणे आणि पूर्ण माहितीनिशी दिलेल्या संमतीशिवाय कोणाच्याही मेंदूची चाचणी होता कामा नये. नोकरीच्या अटींत तर अशी चाचणी असताच कामा नये. कारण जेथे पोट अडकलेले असते तेथे संमती स्वतंत्र राहत नाही. औषधांचे प्रयोग होत असतील तेथे ज्यांच्या शरीरावर ते होतात त्यांना सर्व कागद पाहता आले पाहिजेत. सेल्वी खटल्याचा निर्णय प्रत्येक युनियनच्या आणि कायदा मदत केंद्राच्या फलकावर मराठीत लावला गेला पाहिजे. जमीन, जंगल आणि पाणी यांच्या मालकीचा प्रश्न चळवळीने विचारला. आता मनाच्या मालकीचाही प्रश्न तिलाच विचारावा लागेल. त्या दरवाजाची किल्ली आतून लावलेली असते, आणि ती आतल्या माणसाच्याच हाती राहिली पाहिजे.