घरगुती बीअर आणि खंडित छंद

इ. स. १९६३ सालीं ब्रिटनचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीं आपल्या अंदाजपत्रकांत एक बारीकशी सवलत जाहीर केली. घरीं पिण्यापुरती बीअर करणाऱ्या माणसाला यापुढें परवान्याची जरूरी नाहीं. विकावयाची मात्र नाहीं, एवढीच अट. सरकारी तिजोरीच्या दृष्टीनें बाब क्षुल्लक होती. परंतु ८३ वर्षें खंड पडलेली एक जुनी घरगुती विद्या त्या दिवसापासून पुन्हां उजळ माथ्यानें वावरूं लागली.

हा खंड पडला तो १८८० सालीं. ग्लॅडस्टन यांनीं माल्टावरील जुना कर उठवून तो तयार बीअरवर बसविला, आणि त्याबरोबर घरीं बीअर करणारालाही परवाना घेणें भाग पडलें. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें इंग्लंडांतील खेड्यापाड्यांत पाव भाजणें आणि बीअर करणें हीं दोन्ही कामें बहुधा एकाच गृहिणीच्या हातचीं असत. ही चाल आधींच ओसरूं लागली होती, कारण मोठ्या कारखान्यांचा माल गांवोगांव मिळूं लागला होता. कायद्यानें तिच्यावर आणखी एक घाव घातला, आणि मग आईनें मुलीला शिकवावयाचें फारसें कांहीं उरलें नाहीं.

अमेरिकेंतील हकीकत अधिक चमत्कारिक आहे. तेथें १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळांत वाण्याच्या दुकानीं माल्टाच्या पाकाचे डबे राजरोस मिळत. पाव करण्यासाठीं म्हणून लोक ते नेत, आणि पुढें त्यांचें काय होतें याची चौकशी दुकानदार करीत नसे. बंदी उठल्यावर घरीं द्राक्षमद्य करण्यास मोकळीक मिळाली. बीअरचें नांव मात्र कायद्यांत आलेंच नाहीं. ही उणीव भरून निघावयास १९७८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अध्यक्ष कार्टर यांनीं नव्या कायद्यावर सही केली: एका प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारें ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन. घटक राज्यांचे कायदे निराळे असल्यामुळें मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांना ही मोकळीक थेट २०१३ सालीं मिळाली.

परवानगी आली खरी, पण शिकविणारे हात राहिले नव्हते. पुन्हां आरंभ करणारांना पुस्तकांचा आश्रय करावा लागला. कोलोरॅडो राज्यांतील बोल्डर येथें १९७८ सालीं घरगुती बीअर करणारांची संघटना निघाली. तिच्या संस्थापकांपैकीं चार्ली पापाझियन यांचें पुस्तक १९८४ सालीं प्रसिद्ध झालें, आणि कित्येकांनीं तेंच गुरुस्थानीं मानलें. पापाझियन पूर्वीं शाळेंत शिक्षक होते. चुकणाऱ्याला न घाबरवितां पुढें नेण्याची त्यांची हातोटी पाहिली म्हणजे तो पेशा ओळखूं येतो.

ज्यांनीं ही कृति कधीं पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगणें जरूर आहे. जवाला मोड आणून तो वाळवितात व मंद भाजतात. याचेंच नांव माल्ट. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरांत यांत नवलाचें कांहीं वाटणार नाहीं. माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेविलें कीं धान्यांतील पिष्टाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर तासभर उकळावयाचा, म्हणजे त्याला कडवटपणा येतो. मग तो झटपट निववून त्यांत यीस्ट घालावयाचें. येथून पुढचें काम माणसाचें नव्हे. विरजण लावल्यावर शहाणी गृहिणी जशी पातेलें हलवीत नाहीं, तसें आठ-पंधरा दिवस भांडें स्वस्थ राहूं द्यावयाचें. महाराष्ट्रांत विनापरवाना मद्य तयार करणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें गुन्हा आहे; तेव्हां हें वर्णन ऐकून कोणीं आपल्या घरच्या पातेल्याकडे पाहूं नये!

आतां असा एक इंग्रज गृहस्थ कल्पावा, कीं ज्यानें तरुणपणीं हा छंद मोठ्या आवडीनें केला, पुढें संसाराच्या धांवपळींत तो सोडला, आणि पंधरा वर्षांनीं मुलें आपापल्या मार्गाला लागल्यावर सारें सामान माळ्यावरून खालीं काढलें. कृति त्याला तोंडपाठ आहे. त्याचा गोंधळ होतो तो यामुळेंच. डोक्यांतली कृति जशीच्या तशी राहिली, परंतु पेटींतल्या वस्तूंना तेवढा काळ सोसलेला नसतो.

यीस्ट हा सजीव पदार्थ आहे. सुकें यीस्ट बंद पुड्यांत व थंड जागीं दोनएक वर्षें टिकतें, पातळ यीस्टाचा जोर तर कांहीं महिन्यांतच ओसरतो. पंधरा वर्षांपूर्वींची पुडी काढ्यांत टाकली तर बहुधा कांहींच घडत नाहीं, आणि तेवढ्या अवधींत हवेंतील नको ते जंतु त्या गोड काढ्याचा ताबा घेतात. हॉपचीं फुलें उबेंत व हवेंत राहिलीं कीं त्यांचा सुगंध जाऊन त्यांना जुनाट चीजसारखा वास येतो. माल्टाचा पाक काळवंडतो व शिळकट लागतो. रबरी बुचांना भेगा पडतात; नळ्या ताठर होतात, आणि त्यांच्या आंतील चरे घांसून कधींच स्वच्छ होत नाहींत. जुन्या वस्तूवर माया असणें स्वाभाविक आहे, पण या बाबतींत ती महाग पडते. नळ्या आणि बुचें निःसंकोच फेंकावीं. काढ्याची घनता मोजणारी कांचेची नळी तेवढी ठेवावी. तिच्यावर नमूद केलेल्या उष्णतेच्या साध्या पाण्यांत सोडून ती १.००० दाखविते कीं नाहीं, हें पाहिलें म्हणजे झालें.

मधल्या काळांत रीतीही पालटल्या आहेत. पूर्वीं आठवड्यानंतर बीअर दुसऱ्या भांड्यांत ओतून घ्यावी असा दंडक होता. आतां पुष्कळ जण ती अखेरपर्यंत एकाच भांड्यांत राहूं देतात, कारण ओतांना लागणारी हवाच अधिक अपाय करते. पूर्वीं भांडीं कपडे धुण्याच्या ब्लीचनें निर्जंतुक करीत. त्याचा अंश राहिला तर बीअरला औषधी वास येई. आतां नंतर धुवावीं लागत नाहींत अशीं आम्लयुक्त द्रावणें मिळतात. ऑस्ट्रेलियांतील हौशी लोकांनीं तर तीन भांड्यांचें काम एकावर आणलें: भरडलेलें माल्ट मोठ्या जाळीदार पिशवींत घालून पातेल्यांतच भिजवावयाचें आणि पिशवी उचलून घ्यावयाची. जुन्या माणसाला ही युक्ति प्रथम पोरकट वाटते. एकदां करून पाहिल्यावर तो जुन्या खटाटोपाचें नांव काढीत नाहीं.

असें असलें तरी जुन्या रीतींत टिकाऊ कांहींच नव्हतें असें समजूं नये. पश्चिम नॉर्वेंतील व्हॉस आणि आसपासच्या खोऱ्यांत शेतकऱ्यांनीं घरची बीअर कधीं सर्वस्वीं सोडली नाहीं. त्यांच्या यीस्टाला क्वेइक म्हणतात. भांड्याच्या तळाशीं बसलेलें हें यीस्ट लाकडाच्या कोरीव कड्यांवर किंवा कापडावर घेऊन वाळवीत आणि पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवीत. खेपा वर्षांतून थोड्याच, बहुधा नाताळासारख्या सणाच्या. तेव्हां यीस्टाला महिनेच्या महिने कोरडें राहून पुन्हां जागें व्हावें लागे. एखाद्याचें बिघडलें तर तो शेजाऱ्याकडून मागून आणी, अगदीं आपल्याकडे विरजण मागून आणतात तसें. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हॅन्सेन यांनीं १८८३ सालीं एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध यीस्ट प्रचारांत आणल्यावर कारखान्यांनीं असलें घरगुती यीस्ट टाकून दिलें. तरी खोऱ्यांत तें राहिलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत हीं यीस्टें परस्परांचीं आप्त असून इतर बीअरच्या यीस्टांहून निराळ्या कुळांतलीं आहेत असें दिसून आलें. साधारण यीस्टाला १८ ते २० अंशांची थंड खोली लागते. हें ३० ते ४० अंशांतही उत्तम काम करतें. आतां जगभरचे हौशी लोक तें विकत घेतात.

परतून आलेल्या गृहस्थानें पहिली खेप पांच लिटरांहून मोठी करूं नये आणि प्रकार साधा निवडावा. उकळणें, निवविणें, यीस्ट घालणें हीं कामें हात आठवणीनें करतात. घाई होते ती बाटल्या भरतांना. फेस यावा म्हणून लिटरमागें सुमारें सहा ग्रॅम साखर घालतात, त्याहून अधिक नको. त्याआधीं यीस्टाचें काम पुरें झालें आहे कीं नाहीं हें पाहिलेंच पाहिजे. दोन-तीन दिवसांच्या अंतरानें घनतेचीं दोन मापें घ्यावीं. तीं सारखीं आलीं तरच बाटल्यांना बुचें लावावीं. नाहीं तर उरलेल्या साखरेचा वायु आंत कोंडून राहतो, आणि एखाद्या रात्रीं सारें घर झोंपलें असतां कपाटांतून कांच फुटल्याचा आवाज येतो.