पाठमोरा वारकरी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, बोर्ली पंचतन येथे जुन्या फोटोंचे प्रदर्शन मांडले त्या दिवशी केलेले भाषण. बोलले तसेच लिहून घेतले आहे.)



पुढे सरका, मागे आयाबाया उभ्या हायेत. आज कीर्तन नाही, त्यामुळे अभंग लावणार नाही आणि टाळही खाली ठेवा. समितीनं मला फोटोंवर बोलायला सांगितलंय. मी चौथी शिकलेला माणूस, भात आणि सुपारीची वाडी हे माझं काम. पण फोटोवर बोला म्हटल्यावर मी नाही म्हटलं नाही, कारण मला एक मागणं मागायचं आहे आणि ते चार लोकांसमोरच मागितलेलं बरं.

या भिंतीवर जे फोटो लावलेत त्यातले जास्त काळे-पांढरे आहेत. आपली तरणी पोरं म्हणतात, बाबा, आता फोनवर दोन मिनिटांत रंग भरता येतात, डाग काढता येतात, धुकं पुसता येतं. शंभर वर्षांचा अंक काढतोय तर फोटो कसे चकचकीत पाहिजेत. पोरांची हौस खोटी नाही. रात्र रात्र जागून त्यांनी हे फोटो गोळा केलेत. पण रंग भरण्याआधी माझं ऐका.

तो डावीकडचा तिसरा फोटो बघा. वरंधा घाटातला आहे. म्हसळा, माणगाव, महाड करून दिंडी घाट चढते आहे, आषाढाचे दिवस, भोरकडून धुकं खाली उतरलेलं. पुढचा पताकावाला काळाभोर दिसतो, त्याच्या मागचे टाळकरी जरा फिके, वीणेकरी त्याहून फिके, आणि सगळ्यात शेवटी एक माणूस आहे, तो जेमतेम आहे. पाठमोरा. सगळी दिंडी वर चालली आहे आणि हा एकटा थांबून खाली कोकणाकडे बघतोय. तोंड दिसत नाही. डोक्यावर इरलं आहे का घोंगडी तेही सांगता येत नाही.

हा फोटो मी दिंडीत यायच्या आधीचा. काढला तो आमच्या फोटोवाल्या काकांनी. ते मुंबईला गिरणीत होते, रजा काढून वारीला यायचे. त्यांना मी स्वतः विचारलं होतं, काका, हा कोण? ते म्हणाले, बाबा, फोटो काढताना मला हा दिसलाच नव्हता, रोल धुऊन आला तेव्हा दिसला. आता गावात तीन घरं आहेत, तिन्ही घरं म्हणतात हा आमचा माणूस. एका घरात तर त्याच्यासमोर उदबत्ती लागते. कोणी म्हणतं तो प्रत्यक्ष पांडुरंग, दिंडीच्या मागे चालतो. मी कीर्तनकार असूनही तसं म्हणणार नाही. जवळ जाऊन बघा, त्याच्या धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल आहे. तो आपल्यातलाच कोणीतरी आहे. लावणी अर्धी टाकून आला असेल, म्हणून मागे बघत असेल. घरी कोणी आजारी असेल. माहीत नाही.

मागच्या महिन्यात एका पोरानं हौसेनं तो फोटो फोनमध्ये घातला. फोननं धुकं काढलं, रंग भरले, आणि कडेला दिसणारा गाल धरून त्या माणसाला तोंडसुद्धा काढून दिलं! छान तोंड होतं. नाक सरळ, मिशी भरलेली. पोरानं ते त्या तीन घरांतल्या एका म्हातारीला दाखवलं. ती चष्मा पुसून पुसून बघत होती. मग म्हणाली, "हा कोण रे बाबा? हा आपल्यातला नाय." आणि उठून आत गेली. चाळीस-पन्नास वर्षं जो तिचा बाप होता तो एका मिनिटात परका झाला. ते तोंड कोणाचंच नव्हतं. यंत्रानं हजार तोंडं बघून एक बनवलं होतं.

माझं मागणं त्यातून आलंय. ते सांगतोच, पण आधी काळा-पांढरा फोटो काय चीज आहे ते सांगू द्या, कारण मी काकांच्या कॅमेऱ्यावर पावसात छत्री धरून ते थोडंफार शिकलो.

त्यांच्याकडे साधा डबा कॅमेरा होता. 120 चा रोल, त्यात बारा फोटो. इंदू नावाचा रोल मिळायचा, तो आपल्या देशातच उटीला बनायचा. पूर्ण वारीला दोन रोल, म्हणजे चोवीस फोटो. आता पोरं चहाला थांबली की चोवीस काढतात. काका दिवस दिवस एकही काढायचे नाहीत. दुपारी बारा वाजता तर कॅमेरा पिशवीबाहेरच येत नसे. म्हणायचे, ऊन डोक्यावर आलं की सगळं दिसतं, मग फोटोत बघायला काय राहिलं? पहाटे काकड्याच्या वेळी, पाऊस थांबून ऊन तिरकं येतं तेव्हा, नाहीतर धुक्यात. आणि उजेड पाठीशी घेऊन नाही, समोर घेऊन. उजेड समोर असला की माणसाचं तोंड काळोखात जातं आणि कडा तेवढी उजळते. पागोट्याची, टाळाची, तुळशीच्या पानाची कडा. बाकीचं बघणाऱ्यानं भरायचं.

त्यांच्या खिशात पिवळ्या काचेचा एक तुकडा असायचा. मला वाटायचं काच फुटलेली आहे, टाकून का देत नाहीत. एकदा दाखवलं त्यांनी. तो रोल निळ्या रंगाला फार पटकन धरतो, म्हणून आकाश पांढरं फटक येतं, ढग दिसत नाहीत. पिवळी काच आडवी धरली की निळा उजेड अडतो, आकाश काळवंडतं आणि ढग वर येतात. लाल काच धरली तर आणखी काळं, भर दुपारी वादळ आल्यासारखं. रंग नसलेल्या फोटोत रंगांचा एवढा खेळ चालतो.

आणि तो पहिला फोटो, काचेवर काढलेला, ज्यात दिंडीची पताका काळी दिसते? गेल्या आठवड्यात इथे वाद झाला. कोणी म्हणालं तेव्हा आपली पताका काळी होती. कोणी म्हणालं निषेधाची असेल. काही नाही हो. जुन्या काळातल्या त्या पट्ट्यांना तांबडा रंग दिसतच नसे. निळं, हिरवं दिसायचं, तांबडं आणि भगवं काळं व्हायचं. म्हणून त्या फोटोत बायांच्या कपाळावरचं कुंकूही बुक्क्यासारखं काळं आलंय. आता फोनला हे कुठून कळणार? पोरांनी त्यात रंग भरून बघितले तर फोननं पताका निळी केली. भगवी पताका शंभर वर्षांनी निळी! हसताय, पण अंकात छापली गेली असती तर पुढच्या शंभर वर्षांच्या लोकांनी तेच खरं धरलं असतं.

आता तुकोबांचं घ्या. तुकोबांचा फोटो नाही, असणारही नाही, फोटोची कला जगात 1839 साली जाहीर झाली आणि तुकोबा त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचे. तरी डोळे मिटले की आपल्याला एक तोंड दिसतं. ते तोंड बऱ्याच घरांत विष्णुपंत पागनीसांचं आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 सालचा, दामले आणि फत्तेलाल यांनी काढलेला, व्हेनिसलाही त्याचा गौरव झाला. लोक पडद्याला हात जोडायचे म्हणतात. पागनीसांनी भक्तीनं काम केलं, त्यांना दोष नाही, आणि ते नट आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. फोननं काढलेल्या तोंडाखाली असं काही लिहिलेलं नसतं. फरक तिथे आहे.

काही म्हणतील, बुवा, काळ्या-पांढऱ्याचं एवढं काय? रंगीत वाईट का? वाईट नाही. माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो रंगीतच काढले. पण वारीचं बघा. आपला देव काळा, काळ्या पाषाणाचा, गाभाऱ्यात समईच्या उजेडात अर्धा दिसतो. आपण पांढऱ्या धोतरात. कपाळी गोपीचंदन पांढरं, त्यावर बुक्का काळा. आषाढाचं आभाळ काळं, ओला रस्ता काळा, आणि त्याच्यावर उजेड पडला की तो पांढरा. ही वाट मुळातच त्या दोन रंगांची आहे. रंगीत फोटोत डोळा जातो निळ्या प्लास्टिकवर आणि कोणाच्या तरी जाहिरातीच्या टोपीवर. आणि पदस्पर्श दर्शनाला तरी आपण किती वेळ देवासमोर असतो? पुढे चला, पुढे चला. रात्रभर रांगेत उभं राहून दोन पळं. डोळे भरून बघायला मिळालं असतं तर दर वर्षी कोण गेलं असतं?

चांदोबाच्या लिंबाजवळचा रिंगणाचा फोटो आहे बघा, त्या खांबाजवळ. पहिल्यांदा बघणारा म्हणतो बिघडलाय. पताका स्थिर आहेत, माणसं स्थिर आहेत आणि मधून एक पांढरी रेघ गेली आहे. तो माऊलींचा अश्व. डबा कॅमेऱ्याला एवढा वेग धरता येत नाही. त्या अश्वावर कोणी स्वार नसतो, माऊली बसलेत असं आपण मानतो. घोड्याचे दात दिसणारे फोटो मी पुष्कळ बघितले, पण त्या रेघेसमोर मला जसा हात जोडावासा वाटतो तसा त्यांच्यासमोर वाटला नाही. याला बिघडलेला म्हणून समितीनं बाजूला काढला होता. मी परत लावायला लावला.

पोरांनो, यंदा तुम्ही फोटो काढाल तेव्हा दोन-चार गोष्टी करून बघा. फोन काळ्या-पांढऱ्यावर ठेवा. पडद्यावर जिथे बोट लावाल तिथला उजेड फोन धरतो, म्हणून उजळ आभाळावर बोट लावा, माणसं आपोआप काळी होतील. धुक्यात मात्र उलट. धुकं बघून फोनला वाटतं फार उजेड आहे आणि तो सगळं मळकट करतो, तिथे उजेड थोडा वाढवून घ्या. सगळी दिंडी एका फोटोत कोंबू नका. वळणावर उभे राहा, अर्धी दिंडी वळणाआड जाऊ द्या. पाय काढा. ओल्या वाळूवरच्या सावल्या काढा, आपला दिवेआगरचा किनारा काय लांब आहे? सकाळच्या वेळी पोफळीच्या वाडीत उभे राहा, खोडांमधून उजेड कसा पट्ट्यापट्ट्यानं येतो बघा, त्यातून एखादी बाई डोक्यावर तुळस घेऊन गेली की झालं. दिघीच्या धक्क्यावरून जंजिरा पावसाळ्यात कसा दिसतो आणि दिसेनासा होतो ते तर तुम्ही रोज बघता. किल्ला नाहीसा होतो तेव्हा काढा.

पण धुकं नसेल तर नसू द्या. फोनमधून धुकं घालू नका. जे खरोखर झाकलेलं होतं ते झाकलेलं ठेवायचं आणि जे उघडं होतं ते उघडं. खोटा धूर सोडून गूढ होत नाही, नाटक होतं. आणि कोणी रडत असेल, कोणाला भोवळ आली असेल, तर तिथे फोन खिशात. त्याचं गूढ त्याच्याजवळ राहू द्या.

तर माझं मागणं. अंकात हे फोटो जसे आहेत तसे छापा. डाग असतील तर डागासकट. आणि त्या पाठमोऱ्या माणसाखाली तिन्ही घरांपैकी कोणाचंही नाव घालू नका. मी तिन्ही घरी जाऊन बोललो आहे. दोन घरं लगेच हो म्हणाली. तिसऱ्या घरानं विचार करून सांगतो म्हटलंय. त्यांच्यावर कोणी दबाव आणायचा नाही. माणूस त्यांचाही असू शकतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात ज्यांची कौलं, पत्रे गेले त्यांच्या फोटोंच्या फ्रेमांत पाणी शिरलं होतं. त्यानंतर काही घरांत फोटो काचेला चिकटून बसलेत. ते ओढून काढू नका, चेहरा काचेवरच राहील आणि हातात कोरा कागद येईल. काचेसकट आणा, काचेवरूनच आपण त्याचा फोटो घेऊ. 1985 च्या पुढचे रंगीत फोटोही आणा, ते लाल पडायला लागलेत, रंग उडतो. जुने काळे-पांढरे त्यामानानं टिकतात, त्यातला काळा म्हणजे चांदीचे बारीक कण असतात. मागच्या बाजूला पेनानं काही लिहू नका, लिहायचंच तर शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. देवळात दर एकादशीला संध्याकाळी हरिपाठानंतर पोरं बसलेली असतात, त्यांच्याकडे द्या. फोटो त्याच दिवशी परत मिळेल.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.