गल्लीतून उभे राहणारे नेतृत्व

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आजच्या वर्गाचा विषय कागदावर फार मोठा आहे. आशियातील समाजांचा विकास, लोकांची ताकद आणि नेतृत्व. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. साऱ्या आशियावर बोलण्याची आमची पात्रता नाही. म्हणून एकाच वस्तीची हकिगत सांगतो. ती वस्ती म्हणजे कराचीतील ओरंगी. सरकारासरकारांमधली भांडणे आपण जाणतो. पण या हकिगतीतली माणसे आपल्यासारखीच हातावर पोट असलेली आहेत.

१९६५ नंतर कराचीच्या पश्चिमेला ही वस्ती वाढत गेली. १९७१ मध्ये बांगलादेश वेगळा झाला आणि तिकडून आलेली असंख्य कुटुंबे येथे वसली. घरे लोकांनी स्वतःच बांधली. मैला वाहून नेणारी गटारे मात्र नव्हती. टोपलीचे संडास, भरून वाहणारे शोषखड्डे, गल्लीत साचलेले सांडपाणी आणि घरोघरी आजारी मुले, अशी अवस्था होती.

१९८० मध्ये तेथे अख्तर हमीद खान नावाचे गृहस्थ आले. वय पासष्टच्या आसपास. हे एकेकाळचे आय.सी.एस. अधिकारी. १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहून त्यांचे मन सरकारी खुर्चीतून उठले. १९४५ मध्ये राजीनामा देऊन ते अलीगढजवळ मजुरी आणि कुलपे बनवण्याचे काम करू लागले. पुढे १९५९ पासून कुमिल्ला येथे त्यांनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. पण त्या संस्थांवर बडे लोक कसे कब्जा करतात, हेही त्यांनी पाहिले. तो अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी ‘ओरंगी पायलट प्रोजेक्ट’ सुरू केला.

आल्याबरोबर त्यांनी कोणतीही योजना जाहीर केली नाही. आधी वस्तीत हिंडले, लोकांना विचारत राहिले. त्यांना चार अडचणी दिसल्या. पहिली मनाची : सरकार कधीतरी फुकट गटार देईल, अशी आशा. दुसरी एकीची : गल्लीत संघटना नाही. तिसरी पैशाची : सरकारी दराने गटार परवडत नाही. चौथी तंत्राची : उतार कसा काढायचा, पाइप कसा टाकायचा, कोणाला ठाऊक नाही.

मग त्यांनी वीस-तीस घरांची एक गल्ली हा घटक धरला. म्हणजे आपल्या एखाद्या गँगएवढी माणसे! गल्लीने आपला एक प्रमुख निवडायचा. वर्गणी त्याने जमवायची आणि हिशोब गल्लीलाच द्यायचा. प्रकल्पाची माणसे पैशाला हात लावत नसत. ती मोजणी करून नकाशा देत, खर्चाचा अंदाज काढून देत, अवजारे देत आणि काम शिकवत. मधला ठेकेदार गेला, मॅनहोलसाठी साचे तयार झाले आणि खर्च सरकारी अंदाजाच्या कितीतरी खाली आला. एका गल्लीचे काम पाहून शेजारची गल्ली पुढे येई. पुढच्या दोन-तीन दशकांत लाखाच्या आसपास घरे अशा गटारांना जोडली गेली.

आता तुमच्यापैकी कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की लोकांनीच गटारे बांधली तर सरकार कशाला आहे? आम्ही युनियनची माणसे. हा प्रश्न आमच्याही मनात प्रथम आला. त्याचे उत्तर ओरंगीतच आहे. त्यांनी कामाची वाटणी केली. घरातला संडास, गल्लीतले गटार आणि गल्ल्या जोडणारी नाली लोकांची. शहराची मुख्य वाहिनी आणि मैलाशुद्धी केंद्र सरकारचे. आपला वाटा पुरा केलेल्या माणसांनी मग नकाशा हातात घेऊन सरकारपुढे तिचा वाटा मागितला. तेव्हा तिला टाळाटाळ करणे जड गेले.

आपली गोष्ट अर्थातच निराळी आहे. क्वार्टरची लायसन्स फी आपल्या पगारातून कापली जाते, घरभाडे भत्ता मिळत नाही. तेथे दुरुस्ती प्रशासनानेच केली पाहिजे. त्यासाठी आपण एक पैसाही देणे लागत नाही. तरीही आमची एक चूक सांगतो. आम्ही राहत होतो त्या कॉलनीत दर पावसाळ्यात गटारे तुंबत. आम्ही वर्षानुवर्षे निवेदने दिली. एकदा बैठकीत साहेबांनी विचारले, “सेक्रेटरी, नेमके कोणते चेंबर? लाइन कुठून कुठे जाते?” आम्ही गप्प बसलो. निवेदन आमचे होते, पण माहिती आमच्याजवळ नव्हती.

घरी येऊन हे सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका ट्रॅकमनच्या पत्नी म्हणाल्या, “दादा, तुम्ही कधी विचारलंच नाही. कोणतं चेंबर आधी भरतं, ते मी सांगते ना.” पुढच्या रविवारी त्या, एक निवृत्त पॉइंट्समन आणि चार पोरे रांगोरांग फिरली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला, चेंबरना नंबर घातले. पुढच्या बैठकीत तो कागद टेबलावर ठेवला. त्यानंतर वर्क्स विभागाची माणसे नेमक्या जागी खोदायला आली. त्या बाई कोणत्याही कमिटीवर नव्हत्या. त्या दिवशी कॉलनीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते आणि सेक्रेटरी म्हणून आम्ही मागे उभे होतो.

असे नेतृत्व सोपे नसते. ओरंगीत परवीन रहमान नावाच्या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर गल्ल्यांचे नकाशे काढले. पुढे शहराच्या कडेची गावे आणि चोरून पाणी उपसणाऱ्यांच्या जागाही त्यांनी नोंदवल्या. १३ मार्च २०१३ रोजी त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. गरिबाच्या हातात माहिती आली की कोणाचे तरी हितसंबंध दुखावतात. पण अख्तर हमीद खान १९९९ मध्ये वारले, परवीनबाई २०१३ मध्ये गेल्या, आणि गल्ल्यांनी शिकलेले काम गल्ल्यांतच राहिले.

म्हणून शाखेकडे आमचे मागणे तीनच गोष्टींचे आहे. प्रत्येक गँग, प्रत्येक सॉर्टिंग हॉल, क्वार्टरची प्रत्येक रांग यांचा एक प्रतिनिधी तेथल्याच माणसांनी निवडावा. निवेदन देण्यापूर्वी त्याच माणसांकडून माहिती काढावी. आणि वर्गणीचा हिशोब दर महिन्याला फलकावर लावावा. आम्ही दोन-चार वर्षांत निवृत्त होऊ. तेव्हा ‘आता युनियनचे कसे होणार?’ असे कोणी विचारले, तर समजा, आमचे काम अपुरे राहिले.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!