कारखान्यांचं प्रगतिपुस्तक

आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याच्या एका नियमाबद्दल सांगणार आहे. तो जेमतेम वर्षभर टिकला. पण कारखान्याला करमाफी देताना सरकारनं काय तपासावं, याचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आधी करमाफीचा प्रकार समजून घेऊ. आपल्या घरपट्टीसारखाच तिथे मालमत्ता कर असतो. घरांना, दुकानांना तो लागतो, तसाच कारखान्याच्या इमारतींना आणि यंत्रांनाही लागतो. जिल्ह्याला तिथे पॅरिश म्हणतात. पॅरिशच्या शाळा, रस्ते, शेरीफचं पोलीस दल यांचा बराचसा खर्च याच करातून भागतो. 1936 सालापासून तिथे नव्या कारखान्याला, किंवा जुन्याच्या वाढीव भागाला, हा कर माफ करण्याची पद्धत पडली. माफी पाच वर्षांची, आणि पुढे आणखी पाच वर्षं वाढवून मिळणारी. ती द्यायची कोणी? तर राजधानी बॅटन रूजमध्ये बसणाऱ्या राज्याच्या वाणिज्य आणि उद्योग मंडळानं, गव्हर्नरच्या संमतीनं. उत्पन्न बुडायचं पॅरिशच्या शाळांचं आणि सही व्हायची मंडळाची. शाळांना कुणी विचारायचंसुद्धा नाही, आणि आलेला जवळजवळ प्रत्येक अर्ज मंजूर व्हायचा.

यातले बरेच कारखाने मिसिसिपी नदीच्या काठी आहेत. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स हा सुमारे 140 किलोमीटरचा पट्टा. एके काळी इथे उसाचे मळे होते आणि त्यात गुलाम राबत होते. त्या गुलामांचे वंशज आजही तिथल्या गावांत राहतात, आणि मळ्यांच्या जागी तेलशुद्धीकरणाचे, रसायनांचे, प्लॅस्टिकचे कारखाने उभे आहेत. या पट्ट्याला लोक ‘कॅन्सर ॲली’ म्हणतात. कारखान्याचा धूर ज्या मुलांच्या छातीत जातो, त्याच मुलांच्या शाळेचा पैसा त्या कारखान्याला माफ होतो. मला या विषयावर बोलावंसं वाटलं ते यासाठी.

आता त्या नियमाकडे येतो. त्याची मुळं आपल्या भोपाळपर्यंत जातात. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यात गळती झाली. आपल्या शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय, काय बाहेर पडतंय, हे आपल्याला ठाऊकच नाही, ही गोष्ट अमेरिकन लोकांच्या ध्यानात आली. 1986 मध्ये तिथल्या काँग्रेसनं कायदा केला. त्यानुसार कारखान्यांनी दरवर्षी हवेत, पाण्यात, जमिनीत किती विषारी द्रव्यं सोडली, याचे आकडे जाहीर करणं बंधनकारक झालं. भोपाळमध्ये मेलेल्या माणसांच्या पदरी न्याय फारसा पडला नाही. पण त्यांच्या मरणातून निघालेल्या या कायद्यानं हजारो मैलांवरच्या माणसांच्या हाती आकडे दिले.

1988 मध्ये बडी रोमर लुईझियानाचे गव्हर्नर झाले. पर्यावरण खात्यावर त्यांनी पॉल टेम्पलेट यांना नेमलं. टेम्पलेट हे विद्यापीठातले प्राध्यापक, आणि आता त्यांच्यापुढे हे नवे आकडे होते. त्यांनी 1990 च्या अखेरीस करमाफीला प्रगतिपुस्तक जोडलं. शंभर गुणांचं. सवलतीचा निम्मा भाग पर्यावरणाच्या गुणांवर ठरायचा. त्यात दोनच गोष्टी मुख्य होत्या. पहिली, कारखान्यानं कायदा किती वेळा मोडला आणि त्याला दंड किती झाला. दुसरी, तो एका नोकरीमागे किती विष बाहेर सोडतो.

ही दुसरी कसोटी मला फार मोलाची वाटते. करमाफी मागताना कंपन्या नेहमी रोजगाराचं नाव घेतात. टेम्पलेट यांनी रोजगार नाकारला नाही, त्याच्या शेजारी विषाचा आकडा मांडला. शंभर माणसांना काम देणारा कारखाना हजारो टन विष सोडत असेल, तर त्याचे गुण कमी. गुण कमी म्हणजे सूट कमी. मग कंपन्या पर्यावरण खात्याशी बोलायला बसल्या आणि विषारी द्रव्यं कमी करण्याचे आराखडे देऊ लागल्या, कारण त्याचे जादा गुण मिळत होते. कोर्टकचेऱ्या न करता हे घडत होतं. पण 1991 च्या निवडणुकीत रोमर हरले. एडविन एडवर्ड्स जानेवारी 1992 मध्ये पुन्हा गव्हर्नर झाले आणि त्यांनी ते प्रगतिपुस्तक लगेच मोडीत काढलं.

ते राहिलं असतं तर काय फरक पडला असता? फॉर्मोसा प्लॅस्टिक्स या तैवानी उद्योगसमूहाचं उदाहरण घ्या. एप्रिल 2016 मध्ये व्हिएतनामच्या हा तिन्ह प्रांतात त्यांच्या पोलाद कारखान्याचं सांडपाणी समुद्रात गेलं आणि 200 किलोमीटरच्या किनाऱ्यावर मासे मरून पडले. समूहानं जबाबदारी मान्य केली आणि 50 कोटी डॉलर भरपाई दिली. टेक्सासमध्ये पॉइंट कम्फर्ट इथे याच समूहाचा प्लॅस्टिकचा कारखाना आहे. तिथल्या लवाका उपसागरात चार पिढ्या कोळंबी पकडणाऱ्या घरातल्या डायेन विल्सन 1989 पासून लढत होत्या. त्यांना जागं केलं तेही भोपाळनंतरच्या त्याच आकड्यांनी: विषारी द्रव्यांच्या यादीत त्यांचा कॅल्हून जिल्हा देशात वरच्या क्रमांकावर असल्याची बातमी त्यांनी वाचली होती. त्या आणि त्यांचे सोबती होडीतून फिरून पाण्यातले, चिखलातले प्लॅस्टिकचे दाणे गोळा करत राहिले. साबुदाण्याएवढे हे दाणे गवताच्या मुळांत अडकलेले असत. असे 2,400 हून जास्त नमुने जमले. 2019 मध्ये न्यायाधीशांनी कंपनीला वारंवार कायदा मोडणारी ठरवलं आणि 5 कोटी डॉलरवर तडजोड झाली.

व्हिएतनामची भरपाई जाहीर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा, एप्रिल 2018 मध्ये, लुईझियानानं याच समूहाचा 9.4 अब्ज डॉलरचा प्रकल्प वाजतगाजत जाहीर केला. जागा सेंट जेम्स पॅरिश, आसपासची वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची. नोकऱ्या 1,200. आणि करमाफीचा अंदाज दहा वर्षांत सुमारे दीड अब्ज डॉलर. प्रगतिपुस्तक असतं, तर या समूहाला आधी दंडाचा आणि नोकरीमागच्या विषाचा हिशेब द्यावा लागला असता. शॅरन लाव्हीन या निवृत्त शिक्षिकेनं गावकऱ्यांना उभं केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. 2022 मध्ये हवेचे परवाने रद्द झाले, 2024 मध्ये वरच्या कोर्टानं ते परत दिले.

दरम्यान स्थानिक संस्थांना थोडा अधिकार मिळाला होता. 2016 मध्ये गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी आदेश काढला: ज्यांचा कर बुडणार त्या शाळा मंडळाची, पॅरिशची, शेरीफची संमती हवी, आणि नोकऱ्यांची हमीही हवी. ऑक्टोबर 2018 मध्ये ईस्ट बॅटन रूजच्या शिक्षकांनी एक्सॉनमोबिलच्या करमाफीविरुद्ध एक दिवस शाळा बंद ठेवण्याचा ठराव केला. जानेवारी 2019 मध्ये शाळा मंडळानं तो अर्ज फेटाळला. तो अर्ज आधीच बांधून झालेल्या कामांसाठी होता, आणि तरी असे अर्ज एरवी मंजूर व्हायचे! 2024 मध्ये गव्हर्नर जेफ लँड्री यांनी नोकऱ्यांची अट काढून टाकली आणि स्थानिक संस्थांचा वेगवेगळा नकाराधिकार एका समितीत गुंडाळला.

लुईझियानाच्या राज्यघटनेत आजही असं आहे की करमाफी राज्याच्या हिताला धरून असलेल्या अटींवर द्यावी. अटी घालायला कुणाचा अडसर नाही. विषारी द्रव्यांचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात, दंडाचे निकाल खुले आहेत. टेम्पलेट यांची गुणांची रीतही तयार आहे. शाळांचा पैसा मागणाऱ्या प्रत्येक कंपनीला पुन्हा तीच दोन उत्तरं द्यायला लावा: आजवर दंड किती झाला, आणि एका नोकरीमागे विष किती? सेंट जेम्सच्या लोकांना एवढं मागण्याचा पूर्ण हक्क आहे.