भाड्याच्या घरात वॉशिंग मशीनची जागा बदलताना

सोलापुरात उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे वॉशिंग मशीनही गच्चीवरच्या टाकीवरच चालते. टाकीचे पाणी नळीने हवे तिथे नेता येते, म्हणून भाडेकरूने मशीनची जागा बदलताना आधी नळ शोधू नये, सांडपाण्याची मोरी शोधावी. नळाची नळी चार हात लांबवता येते. सांडपाण्याची नळी फार लांबवली तर पंपावर ताण येतो आणि पाणी तुंबते. पाण्याचा दाबही पाहावा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, त्यामुळे टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तो अपुरा पडू शकतो. पाणी तापवणाऱ्या मशीनला सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेटच हवा. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको.

परक्याच्या घरावर खर्च का करायचा, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे, म्हणूनच भिंत न फोडता वरून पाइप टाकावा. घर सोडताना तो काढून नेता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार मालकाच्या लेखी संमतीविना कायमचे बांधकाम केल्यास घर खाली करण्याचा दावा होऊ शकतो. पाइप म्हणजे बांधकाम नव्हे, हे खरे. पण फोडलेल्या भिंतीवरून वाद होतोच. तेव्हा काम काय, खर्च कोणाचा, हे आधीच लिहून घ्यावे.